बायडाबाईचा पंजा

कसबा बावडा, कोल्हापूर
६ जून २०२५

आकारामकाका,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही घ्या. तुम्ही मला ओळखत नाही. मी मेहक, पेंढा भरणाऱ्या गैबींची नात, रिजवानची मुलगी. अब्बा तुमचं नाव 'आकारामकाका' असंच घेतात, म्हणून मीही तसंच लिहिते. तुमचा फोन नंबर मिळवला होता, पण तो नेहमी आवाक्याबाहेर. गारगोटीच्या तुमच्या पुतण्यानं सांगितलं की तुमच्या वस्तीवर रेंज नाही, पोस्टमन मात्र येतो. म्हणून हे पत्र.

इथल्या एका संस्थेच्या निसर्गदालनात मी नोकरीला आहे. २९ जुलैला, व्याघ्रदिनाला, आमचं नवं दालन उघडतंय. विषय आहे हरवलेले वाघ. बाली बेटावरचा वाघ सगळ्यांत लहान. बेटच मुळात छोटं, त्यात गोरे साहेब बंदुका घेऊन हौसेनं जायचे. १९३७ नंतर तो कुणाला खात्रीनं दिसला नाही. कास्पियन समुद्राकडचा वाघ नदीकाठच्या बोरूच्या, म्हणजे वेतासारख्या उंच गवताच्या, रानात राहायचा. तिथं कापूस पिकवायचा म्हणून बोरू साफ केला, वाघ मारायला चक्क फौजेची माणसं लावली. आणि जावाचा वाघ. त्याचं जंगल चहा-कॉफीच्या आणि सागाच्या मळ्यांनी खाल्लं, हरणं संपली आणि उरलेल्यांना लोकांनी विष घातलं. त्याच्या शेवटच्या खात्रीच्या खुणा १९७६ च्या सुमाराच्या.

१९७६ वाचलं आणि माझा हात थांबला. त्याच साली तुमच्या खोऱ्यातली शेवटची वाघीण विषानं मेली आणि ते विष माझ्या आजोबांनी कातड्यासाठी घातलं. त्यांनी ते कबूल केलं, दीड वर्ष तुरुंगात काढलं. मी जन्मले त्याच्या आधीच ते गेले. आमच्या घरात हा विषय निघत नाही, पण कोर्टाचे जुने कागद मी काढले. पंचनाम्यावर तुमची सही आहे.

मी ठरवलंय की चौथा फलक आपल्या खोऱ्याचा करायचा आणि त्यावर आजोबांचं नाव घालायचं. जावाच्या लोकांना नावं ठेवायची आणि आपलं झाकून ठेवायचं, हे मला जमणार नाही. त्या वेळचे जिवंत साक्षीदार आता तुम्हीच. तुम्ही त्यांचे जिवलग मित्र होता, आणि त्यानंतर आमच्या घरी कधीच आला नाहीत. मित्रानंच असं केल्यावर तुम्हाला काय वाटलं असेल ते मी समजू शकते. तरी काय झालं ते तुमच्या शब्दांत लिहाल का?

मेहक

*

धनगरवाड्याखाली, ता. भुदरगड
१७ जून २०२५

चि. मेहक,

तुला शंभर वर्षं आयुष्य मागतो. पत्र पोचलं. पोस्टमननं आधी सगळ्या वस्तीला पाकीट दाखवलं, मग मला दिलं. कोल्हापुरातल्या कुठल्या पोरीनं म्हाताऱ्याला चिठ्ठी धाडली म्हणून सून दोन दिवस चिडवत होती.

तुझे तिन्ही वाघ वाचले. मी काही शिकलेला नाही, पस्तीस वर्षं जंगलात काठी घेऊन फिरलेला गार्ड. पण एक सांगतो, बंदुकीनं वाघ कमी होतो, संपत नाही. संपतो तो आधी त्याचं खाणं संपल्यावर. इथंही तेच झालं. सांबर, भेकर माणसांनी खाल्लं, मग वाघ गोठ्याकडं आला, मग माणूस म्हणाला वाघ फार माजला. बोरूची गोष्ट वाचून मला खालचा ऊस आठवला. आता बिबळ्याची मादी उसातच विते, तिला ते जंगल वाटतं. तोडणी आली की सगळा घोळ. तुझ्या फलकावर हे घाल, ते उपयोगाचं आहे.

गैबीबद्दल काय लिहू? हातात कला होती. मेलेलं भेकर त्यानं भरलं की कुत्रं त्याच्यावर भुंकायचं. पंचनाम्यात आहे ते आहे, कोर्टानं ते मानलं. पन्नास वर्षांनी ते उकरून कुणाचं भलं होणार? मेलेल्या माणसाचं नाव भिंतीवर लावू नकोस. 'अज्ञात इसमानं विष घातलं' एवढं लिहिलंस तरी चालेल. सरकारी कागदांत हा अज्ञात इसम पुष्कळ कामं करतो.

तुझी दादी नजीराभाभी आहेत का? असल्या तर माझा नमस्कार सांगू नकोस.

आकाराम

*

कसबा बावडा
२३ जून २०२५

आकारामकाका,

तुमचं ऊस आणि बोरूचं वाक्य मी फलकावर जसंच्या तसं घेतलं, खाली तुमचं नाव. आमच्या साहेबांना फार आवडलं. पण अज्ञात इसम मला चालणार नाही. तो फार पूर्वीपासून वाघ मारत आला आहे, एकदा तरी त्याला नाव मिळू दे.

तुम्हाला गंमत सांगते. शास्त्रज्ञ आता म्हणतात की वाघाच्या आठ-नऊ उपजाती मोजायची गरज नाही, दोनच धरा, एक मुख्य भूमीवरची आणि एक बेटांवरची. म्हणजे कास्पियन वाघ वेगळा नव्हताच, त्याचे भाऊबंद सैबेरियात आहेत. त्या हिशेबानं तुमच्या खोऱ्यातली वाघीण गेली तरी काहीच नामशेष झालं नाही, विदर्भात तिच्या जातीचे आहेतच. मी हे दादीला सांगितलं. ती सत्तरीची आहे, पाय दुखतात, जीभ चालते. ती म्हणाली, "आपल्या घरचं माणूस मेलं, तर मिरजंत पावणं जिती हायत म्हणून रडायचं न्हाय व्हय?"

दादीची गोष्ट सांगूनच टाकते, म्हणजे मी हट्ट का करते ते कळेल. तेव्हा अब्बा सहा महिन्यांचे होते, तिच्या अंगावर पीत होते. आजोबांनी तिला सांगितलं होतं की कातडं सोलताना वाघिणीच्या सडांत दूध होतं. दादीनं ते ऐकलं आणि पुढं ते पकडले गेले, मीच मारली म्हणाले. तुरुंगातून आल्यावर ते गाड्यांच्या सीटा शिवायचे. दादी त्यांना वेळेवर ताट वाढायची, पण बावीस वर्षं, ते जाईपर्यंत, त्यांच्यासोबत एकदाही जेवायला बसली नाही. शेजारी म्हणायचे मोठी कडक बाई. अब्बांना शाळेत पोरं वाघमाऱ्याचा म्हणायची, ते अजून दुकानावर कुणी वाघाचं नाव काढलं की आत जातात. हे सगळं कुजबुजत राहण्यापेक्षा एकदा भिंतीवर लिहिलेलं बरं, असं मला वाटतं.

एक विचारू? कागदात आहे की विष वाघिणीनं मारलेल्या म्हशीवर घातलं. मग कोल्हापुरातल्या आजोबांना वर डोंगरात कुणाची म्हैस पडली हे कसं कळलं? आणि विष कुठून आणलं, त्याचा साक्षीदार कागदात नाही. अजून एक. तुमचं पत्र आल्यावर मी पंचनामा शेजारी ठेवला. तो सगळा तुमच्याच अक्षरात आहे. अक्षर काय सुंदर हो तुमचं.

मेहक

*

२ जुलै २०२५

चि. मेहक,

कार्डावर लिहितो, पाऊस फार आहे. तुझ्या प्रश्नांची उत्तरं आता आठवत नाहीत. गुडघा धरलाय, उद्घाटनाला येणं होणार नाही. माझं वाक्य फलकावरून काढ.

आकाराम

*

कसबा बावडा
९ जुलै २०२५

आकारामकाका,

कार्ड मिळालं. जेमतेम पाच ओळी, पण उत्तर त्यातच आहे असं मला वाटत राहिलं. मी चुकत असेन तर माफ करा.

फलक १८ तारखेला छपाईला जातो. त्यावरचा मजकूर असा: '१९७६ साली या खोऱ्यातली शेवटची वाघीण कातड्याच्या लोभानं विष घालून मारण्यात आली. मारणारे गैबी हे कोल्हापुरातले नामांकित पेंढा भरणारे कारागीर, या फलकाच्या लेखिकेचे आजोबा.' काल मी तो दादीला वाचून दाखवला. ती म्हणाली, लिही, त्यानं आपल्या तोंडानं कबूल केलंय. मग उठून आत गेली आणि जेवली नाही. अब्बा अजून माझ्याशी बोलत नाहीत.

हे खोटं असेल, तर सांगायला तुमच्याकडं नऊ दिवस आहेत.

मेहक

*

धनगरवाड्याखाली
१४ जुलै २०२५

चि. मेहक,

हे पत्र पुतण्याच्या हाती देतोय, पोस्टानं उशीर होईल. एका बैठकीत लिहितोय, खाडाखोड दिसली तर समजून घे.

वाघीण मी मारली.

तो यात्रेचा दिवस होता. दुपारी चारला गावात कुस्त्यांचं मैदान होतं आणि माझी नेमलेली जोड होती. तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा, अंगात रग. सकाळी दहाला बायडाबाई आली. ती वरच्या वाड्यावर एकटीच म्हशी राखायची. म्हणाली, "वाघानं म्हस मारली." आता आमच्याकडं बिबळ्यालाही वाघ, ढाण्यालाही वाघ, आणि पोराला भ्या घालायचं तर तरसालाही वाघ. सहा वर्षांत मी बिबळेच पाहिले होते. ढाण्या या खोऱ्यात आता नाही, असं वरिष्ठांनी लिहूनही टाकलं होतं. तरी मी विचारलं ठसा केवढा. तिनं बोटं पसरून पंजा माझ्यासमोर धरला. "ह्येवढा." बाई मजबूत होती, पंजा मोठा होता. बिबळ्याचा ठसा तेवढा नसतो, हे गार्डला कळतं. मला कळलं होतं. पण मी म्हणालो, चिखलात पळताना पाय पसरतो, बिबळ्याच असंल.

वर जाऊन बघायला अर्ध्या तासाची चढण. बघितलं असतं तर नोंद करावी लागली असती, गारगोटीला वर्दी द्यावी लागली असती, आणि चारचं मैदान हुकलं असतं. रोपवाटिकेत उधईसाठी, म्हणजे वाळवीसाठी, आलेलं विषारी औषध माझ्या खोलीत होतं. ते गोडेतेलाच्या बाटलीत ओतून मीच तिच्या हातात दिलं आणि म्हणालो, टाक म्हशीवर, मी काय बघितलं न्हाय. चारला मी कुस्ती मारली. फेटा बांधून मला गावातून मिरवलं.

दुसऱ्या दिवशी बायडाबाईनं बोलावून नेलं. वाघीण ओढ्यात तोंड घालून पडली होती. एवढी मोठी, आणि पाण्यात तिच्या मिशा हलत होत्या. बायडाबाई म्हणाली, "आरं, म्या तुला पंजा दाव्ला हुता की." तेवढंच बोलली. नव्वद साली ती वारली, तोवर कुणाला काही सांगितलं नाही.

शिकारबंदीचा नवा कायदा आला होता, नोकरी जाणार, खडी फोडायला जाणार. माझ्या दोन पोरी लहान होत्या. मी गैबीला बोलावलं. पुरून टाकू म्हटलं, तर तो म्हणाला, "असलं जनावर मातीत घालवत न्हाय, आकाराम. आपल्या हयातीत पुन्हा दिसायचं न्हाय." कातडं विकायला नव्हतं नेलं, तिला उभी करायची होती त्याला. तो लोभ असेल तर कलेचा होता.

पंधरा दिवसांनी कुणीतरी चुगली केली. धाड घालायला साहेब आले, आणि पंचनामा लिहायला अक्षर चांगलं म्हणून मलाच सोबत आणलं. तुझ्या आजोबांच्या दुकानात मी वर्दीत उभा. साहेबांनी विचारलं, कुणी मारली. गैबीनं माझ्याकडं पाहिलं. मी वहीत पाहिलं. मग तो म्हणाला, "म्या विष घातलं." साहेब म्हणाले, लिही. मी लिहिलं.

त्यानं मला एकदाही काही म्हटलं नाही. मित्रानं असं केलं म्हणून मी तुमच्या घरी आलो नाही, असं तू लिहिलंस. ते वाचून मी पत्र उशाखाली ठेवलं आणि वाटलं, असंच राहू दे, पोरीचा समज बरा आहे. पहिल्या पत्रात तुला अज्ञात इसम सुचवला, तोही मलाच झाकायला. नजीराभाभी त्याच्याबरोबर जेवत नव्हत्या, हे मला माहीत नव्हतं.

आणखी एक, जे मी गैबीलाही सांगितलं नाही. दुधाचं त्यानं सांगितल्यावर मी रोज जंगल पालथं घातलं. सहाव्या दिवशी कपारीत दोन पिल्लं सापडली. मुंग्या लागल्या होत्या. डोळे नुकते उघडले असावेत. मी ती तिथंच दगडाखाली ठेवली. तुझ्या फलकावर एक वाघीण आहे, तिथं तीन वाघ लिही. जावा आणि बालीचं तू लिहितेस, तिथंही माझ्यासारखाच कुणीतरी गार्ड असेल, चढण चढायचा कंटाळा केलेला.

माझं नाव घाल. हुद्द्यासकट घाल. पेन्शन बंद केली तरी माझी तक्रार नाही. भाभींची माझ्या वतीनं माफी माग.

आकाराम

*

कसबा बावडा
२१ जुलै २०२५

आकारामकाका,

तुमचं पत्र वेळेत पोचलं. फलक छपाईला जाण्याआधी मी तो पुन्हा लिहिला. त्यावर तुमचं नाव आहे, हुद्दा आहे, उधईचं औषध आहे, न चढलेली चढण आहे आणि तीन वाघ आहेत. आजोबांचं नावही ठेवलंय. त्यांनी विष घातलं नाही, पण खोटं बोलून तुमच्या कायद्याला आणि आमच्या घराला फसवलं, हेही खरंच आहे. आमचे साहेब म्हणाले फलक फार लांबला, कुणी वाचणार नाही. मी म्हटलं मग बालीचा कमी करा.

मी तुमच्यावर चिडले आहे. गोड शब्दांत गुंडाळून सांगता येत नाही. पन्नास वर्षांत कोल्हापूरला यायला तुम्हाला एक एसटी मिळाली नाही? माझे अब्बा शाळेत मार खात होते, तेव्हा तुम्ही दोन तासांवर होता. आणि तरी, हे पत्र तुम्ही लिहिलंच नसतं तर मी आजोबांचं खोटं माझ्या हातानं भिंतीवर लावलं असतं, हेही मला रोज आठवतं. कागदावर सही दिसली, अक्षर सुंदर दिसलं, आणि मी मानलं. मीही वर जाऊन पाहिलं नव्हतं.

अब्बांना पत्र दिलं. त्यांनी दुकानात उभ्यानं वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि शटर ओढून घरी आले. मग मी दादीला वाचून दाखवलं. धाडीचा भाग तिनं दोनदा वाचायला लावला. 'गैबीनं माझ्याकडं पाहिलं' इथं आल्यावर म्हणाली, थांब. मला वाटलं ती तुम्हाला शिव्या देईल, मी त्या लिहून घ्यायलाही तयार होते. पण ती स्वतःलाच बोलायला लागली. बावीस वर्षं तो रोज खाली मान घालून जेवला आणि तिला ती मान गुन्हेगाराची वाटली. ताट वाढताना तिनं एकदा जरी विचारलं असतं, तर कदाचित त्यानं सांगितलं असतं. आता विचारणार कुणाला, असं म्हणून ती रडली. मी तिला रडताना याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तुमची माफी मी पोचवली. तिनं ती घेतली नाही. उलट तुमच्यासाठी निरोप दिला आहे, आणि शब्द बदलायचे नाहीत अशी मला ताकीद आहे. आमच्यात बायका कबरस्तानात आत जात नाहीत, एवढं तुम्हाला ठाऊक असेलच. निरोप असा:

"आकारामला लिही, कागदावरची माफी मला नगं. ती वाघीण न्हाय, तिची पोरं न्हाईत, गैबी न्हाय. तुला माफी मागायला मी एकटीच उरलोय, तवा मी हाय तवर ये. तुला घिऊन कबरस्तानात जायचंय. मला आत जाता येत न्हाय, मी फाटकाभाईर हुबी ऱ्हातो. तू आत जा, त्येच्या उशाला बस, आन् तुजं सांग. मग म्हण, नजीरा भाईर हुबी हाय, तिलाबी तुजी माफी मागायची हाय. मोठ्यांदा म्हण. मला भाईर ऐकू आलं पायजे."

मेहक